फॅसेट सांध्यात इंजेक्शन की आरएफ?

सकाळी उठताना आई आधी पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरायची. मागे वाकलं की कंबरेत कळ जास्त. डॉक्टरांना संशय मणक्याच्या मागच्या छोट्या फॅसेट सांध्यांचा.

एक पर्याय, सांध्यात भूल आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन. एक्स-रेवर बघत सुई घालतात, काही मिनिटांचं काम, खर्चही कमी. पण आराम बहुधा थोड्या आठवड्यांचा, आणि मधुमेह असेल तर साखर काही दिवस चढते. आईला मधुमेह आहे, त्यामुळे मला हे फार खटकलं.

दुसरा पर्याय आरएफ, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी: विजेच्या लहरींनी सुईच्या टोकाशी उष्णता निर्माण करतात. त्यात सांध्याची वेदना वाहून नेणारी बारीक नस सुमारे ८० अंश सेल्सिअस उष्णतेने निकामी करतात. नस पुन्हा वाढते, तरी गुण आला तर बरेचदा सहा महिने ते वर्षभर टिकतो. मात्र आधी त्या नसेवर नुसत्या भुलीची चाचणी हवीच. तिने दुखणं उतरलं नाही, तर आरएफ करूच नये.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये साध्या कंबरदुखीसाठी मणक्यातली इंजेक्शनं नाकारली, चाचणीत गुण आलेल्या निवडक रुग्णांसाठी आरएफला वाव ठेवला. माझाही कौल तिकडेच. कळ पायात उतरत असेल, तर मात्र प्रश्न वेगळा.