रनॅट="सर्व्हर": साधं एचटीएमएल सर्व्हरवरून हाताळताना, काही महिन्यांच्या वापरानंतर

डिझायनरने दिलेलं एचटीएमएल न मोडता वेब फॉर्म्समध्ये (मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटची सर्व्हरवर पानं बनवायची पद्धत) चालवायचं असेल, तर टॅगला आयडी आणि रनॅट="सर्व्हर" एवढं पुरतं. टेक्स्टचा इनपुट कोडमध्ये एचटीएमएल-इनपुट-टेक्स्ट म्हणून मिळतो, डिव्ह आणि स्पॅन एचटीएमएल-जेनेरिक-कंट्रोल म्हणून. याउलट वेब फॉर्म्सच्या स्वतःच्या एएसपी चेकबॉक्सला सीएसएस क्लास दिला की तो आपणहून भोवती स्पॅन गुंडाळतो. इथे ती कटकट नाही. डिझाइन तयार असेल तर माझी पसंती यालाच.

सगळ्यात जास्त वेळ खातात ते आयडी. मास्टर पेज (अनेक पानांचा सामायिक साचा) आलं की तुमच्या 'नाव' या आयडीच्या आधी कंटेनरचं नाव चिकटतं आणि जेक्वेरीला (जावास्क्रिप्टची लायब्ररी) तो इनपुट सापडेनासा होतो. डॉट नेट 4 पासून क्लायंट-आयडी-मोड 'स्टॅटिक' ठेवता येतो. पण त्याने फक्त आयडी सरळ होतो. नेम ॲट्रिब्यूट डॉलर चिन्हांसकट लांबलचकच राहतं, म्हणून रिक्वेस्ट डॉट फॉर्ममध्ये (पाठवलेल्या फॉर्मच्या किमती) छोटं नाव टाकलं तर नल, म्हणजे काहीच नाही, असं मिळतं. रिपीटरमध्ये (डेटाच्या प्रत्येक ओळीसाठी तोच मार्कअप पुन्हा उमटवणारा कंट्रोल) स्टॅटिक वापरूच नका, एकच आयडी प्रत्येक ओळीत उमटेल. तिथे आयटम-डेटाबाउंडमध्ये (प्रत्येक ओळ भरताना चालणारा इव्हेंट) आधी आयटमचा प्रकार तपासा, मगच फाइंड-कंट्रोल. हेडरच्या ओळीत तो कंट्रोल नसतो.

जावास्क्रिप्टने डिव्हमधला मजकूर बदलला आणि सर्व्हरवर जुनाच दिसतो, ही तक्रार नेहमीची. ब्राउझर फॉर्मबरोबर फक्त इनपुट, सिलेक्ट, टेक्स्टएरिया यांच्या किमती पाठवतो, डिव्ह पाठवतच नाही. बदललेली किंमत हिडन इनपुटमध्ये ठेवा. डिसेबल्ड इनपुट आणि टिक न केलेला चेकबॉक्सही येत नाहीत, तेव्हा रनॅट न लावता थेट वाचत असाल तर नल तपासाच.

इनर-एचटीएमएल (टॅगच्या आतला मार्कअप) जपून वापरा. वापरकर्त्याने टाइप केलेलं तिथे जसंच्या तसं ठेवणं म्हणजे स्क्रिप्ट घुसवायला दार उघडं. त्यासाठी इनर-टेक्स्ट आहे, तो खास चिन्हं एन्कोड करतो, म्हणून टॅग साधा मजकूर म्हणून दिसतात. दुसरं, कोडमधून दिलेला इनर-एचटीएमएल व्ह्यू-स्टेटमध्ये (कंट्रोलची स्थिती जपणारं पानातलं लपलेलं फील्ड) जातो. मोठा तक्ता भरलात तर तो पानात दोनदा उतरतो आणि प्रत्येक पोस्टबॅकला (पान पुन्हा सर्व्हरकडे पाठवताना) परत वर चढतो. दर वेळी नव्याने भरत असाल तर त्या डिव्हचं एनेबल-व्ह्यू-स्टेट बंद करा. आणि आत दुसरा सर्व्हर कंट्रोल असलेल्या डिव्हचा इनर-टेक्स्ट वाचायला गेलात तर थेट एक्सेप्शन येतं.

व्हिजिबल फॉल्स केलेला टॅग पानात उतरतच नाही. स्क्रिप्टने नंतर दाखवायचा असेल तर स्टाइलमध्ये डिस्प्ले नन द्या.

व्हिज्युअल स्टुडिओबाहेर मार्कअप बदललं आणि 'नाव अस्तित्वात नाही' अशी कंपाइलची चूक आली, तर डिझायनर फाइल (कंट्रोल्सच्या घोषणा असलेली, आपोआप बनणारी फाइल) बघा: प्रोटेक्टेड फील्डची ओळ राहून गेलेली असते. हाताने लिहिली तरी चालते.