डिमीटर कुठे गेली? ग्रीक पुराणांवरच्या टीनएज लव्हस्टोऱ्या

सध्या कॉलेजातल्या पोरी हेडीसच्या प्रेमात आहेत, म्हणजे पर्सेफनीला पळवून नेणारा तो पाताळाचा राजा. माझी भाची पण त्यातलीच, म्हणून तिच्याकडून तीन पुस्तकं घेतली आणि डिचोलीच्या पावसात लागोपाठ वाचली. एमी कार्टरचं 'द गॉडेस टेस्ट', मेग कॅबटचं 'अबॅंडन', जोसेफिन अँजेलिनीचं 'स्टारक्रॉस्ड'. तिन्ही २०११ ची, तिन्ही आपापल्या सिरीजचा पहिला भाग.

मूळ गोष्ट आधी सांगते. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या नावावर असलेल्या डिमीटरच्या (धान्याची देवी, पर्सेफनीची आई) स्तोत्रात पोर फुलं वेचत असते, नार्सिससच्या फुलाला हात घालते आणि जमीन दुभंगून हेडीस रथातून वर येतो. बापाची, देवांचा राजा झ्यूसची, आधीच संमती! आई मशाली घेऊन नऊ दिवस अन्नपाण्याशिवाय शोधत फिरते, शेवटी पृथ्वीवर एक दाणा उगवू देत नाही तेव्हा कुठे देव हलतात. पोर परत येते पण डाळिंबाचा दाणा खाल्लेला, त्यामुळे वर्षाचा तिसरा हिस्सा पाताळात. म्हणजे ही आईची गोष्ट आहे.

गोष्ट बदलली म्हणून माझी तक्रार नाही. पेडण्यात दहीकाल्याला दशावतारी नाटक बघणाऱ्यांना हे सांगायला नको, आख्यान सगळ्यांना ठाऊक असतं, संवाद नट तिथल्या तिथे रचतो आणि कोण कसं रंगवतो ते बघायला माणसं पहाटेपर्यंत बसतात. पण बदलून हाती काय लागलं ते बघायला हवंच ना.

'गॉडेस टेस्ट'मध्ये पुष्कळ लागतं. केट न्यूयॉर्क सोडून मिशिगनमधल्या ईडन गावात येते कारण कॅन्सरने खंगलेल्या आईला शेवटचे दिवस तिथे काढायचेत. हेन्री, म्हणजेच हेडीस, एका मेलेल्या मुलीला जिवंत करतो आणि त्याच्या बदल्यात केट वर्षातले सहा महिने त्याच्या वाड्यात राहायला कबूल होते. पळवापळवी नाही, तिने स्वतः केलेला सौदा. आणि रात्री ती स्वप्नात आईला भेटते, साधं बोलतात दोघी, दिवसभर काय झालं वगैरे, ती पानं वाचताना माझ्या घशात आवंढा आला. फक्त त्या सात परीक्षा! त्या सात महापापांवर बेतल्यात, गर्व, लोभ, मत्सर, आळस ती यादी. आपल्या गोव्यात कॅथलिक शेजाऱ्यांत वाढलेल्या कुणालाही लगेच कळेल की ही यादी चर्चची आहे, पोप ग्रेगरीने सहाव्या शतकात बसवलेली, ऑलिम्पस पर्वतावरच्या ग्रीक देवांचा तिच्याशी काय संबंध? ज्या झ्यूसच्या भानगडींना अंत नाही त्याच्यासमोर पोरीच्या वासनेची परीक्षा, हे मला अजिबात पटलं नाही.

'अबॅंडन'वर मी खरंच चिडले. पिअर्स बुडून मरते, पाताळात हेडीसच्या जागी असलेला जॉन भेटतो, ती त्याच्या तोंडावर चहा फेकून पळते, इथवर झकास. पुढे काळ इतका मागेपुढे होतो की धागा सुटतो, आणि शेवटी (ज्यांना वाचायचंय त्यांनी हे वाक्य सोडा) तो तिला तिच्या मर्जीविरुद्ध पाताळात नेतो, तर म्हणे तिच्या रक्षणासाठी. म्हणजे जुनंच अपहरण, वर काळजीचा मुलामा. पंधरा-सोळाच्या मुलींसमोर हे प्रेम म्हणून ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

'स्टारक्रॉस्ड' वेगळं, हेडीसचं नाही तर ग्रीक पुराणांतल्या ट्रॉयच्या युद्धाचं. हेलन शाळेच्या कॉरिडॉरमध्ये लुकासला पहिल्यांदा बघते आणि सरळ त्याचा गळा धरायला धावते, कारण जुन्या खुनांचा सूड मागणाऱ्या फ्युरीज तिच्या डोक्यात रडतायत. असला पहिला सीन मी कुठल्याच लव्हस्टोरीत वाचला नव्हता. मध्ये उडायला शिकण्याची पानं लांबलीत पण भांडणं, घराणी, जेवणाच्या टेबलावरचा गोंधळ, मस्त.

इंग्लिश तिन्हींचं सोपं आहे, दहावीची मुलगी आरामात वाचेल. घ्यायचं एकच असेल तर 'गॉडेस टेस्ट' घ्या, आणि त्याआधी डिमीटरचं ते स्तोत्र वाचा, इंग्लिश भाषांतर नेटवर फुकट मिळतं, एका बैठकीत संपतं.