म्हापशातली जी६पीडी तपासणी: यंत्र चोख, कागद अर्धवट

व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया निघाला की तो उलटू नये म्हणून डॉक्टर प्रायमाक्वीन लिहून देतात आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात 'जी६पीडी' खरडतात. जी६पीडी हे तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम; ते कमी असेल तर प्रायमाक्वीननं त्या फुटतात. म्हापशातल्या एका खासगी लॅबमध्ये ही तपासणी कशी होते, ते इथे मांडलंय. मशीनवरचं काम चांगलं आहे. रक्त घेण्याआधीची विचारपूस मात्र शून्य, आणि घोळ तिथेच होतो.

आधी चांगलं ते. जांभळ्या टोपणाची ईडीटीए (रक्त साकळू न देणारं रसायन) ट्यूब, २ मिली रक्त, उपाशी राहायची गरज नाही. सुई काढल्यावर ट्यूब आठ-दहा वेळा हलकेच उलटीपालटी करतात, खळाखळा हलवत नाहीत. एन्झाइमचा वेग ३४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात आणि त्याच ट्यूबमधल्या हिमोग्लोबिननं भागून आकडा देतात. हे महत्त्वाचं, कारण अंगात रक्तच कमी असेल तर नुसत्या स्पॉट टेस्टमध्ये एन्झाइमही कमी असल्यासारखं दिसू शकतं. स्पॉट टेस्ट स्वस्त आणि झटपट: कागदावरचा थेंब अतिनील दिव्याखाली चमकला की पास. पुरुषांसाठी ती बहुतेकदा पुरते, बायकांसाठी नाही.

कारण जी६पीडीचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. पुरुषाला एकच प्रत, त्यामुळे एन्झाइम एक तर पुरेसं असतं नाहीतर कमी. बाईला दोन प्रती, पण प्रत्येक पेशीत त्यातली एकच चालू राहते, म्हणून काही तांबड्या पेशी धडधाकट तर काही अधू असं मिश्रण होतं. अशा बाईचं एन्झाइम नेहमीच्या निम्म्यावर असलं तरी थेंब चमकतो आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. काउंटरवर मात्र बायकांनाही आधी स्पॉटच सुचवतात. आकड्याचीच तपासणी हवी, असं ठासून सांगा.

आता मुख्य तक्रार. तांबड्या पेशीत केंद्रक नाही, नवं एन्झाइम बनत नाही. ५१५ अमिनो आम्लांचं जे प्रथिन जन्मासोबत मिळालं, त्यावरच तिला साधारण १२० दिवस काढायचे असतात. म्हाताऱ्या पेशीत ते सगळ्यात कमी, म्हणून प्रायमाक्वीनसारखा मारा झाला की आधी त्याच फुटतात. मागे उरतात तरुण, एन्झाइमनं भरलेल्या पेशी. नेमकं तेव्हा रक्त घेतलं तर ज्याच्यात खोट आहे त्याचाही आकडा ठीकठाक येतो! नुकतंच रक्त चढवलं असेल तर तो आकडा काही अंशी रक्तदात्याचा. म्हणून 'लघवी कोकमाच्या आगळासारखी झाली होती का? रक्त चढवलंय का?' हे दोन प्रश्न सुई टोचण्याआधीच विचारायला हवेत. इथे नाव, वय आणि मोबाइल नंबर विचारतात. उत्तर 'हो' असेल तर तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करावी, असं रिपोर्टवर एका ओळीत लिहायला काय जातं?

रिपोर्टवर आकडा आणि संदर्भ-मर्यादा एवढंच. मोजणी ३० अंशांवर केली की ३७ वर, ते नाही. ३७ वर आकडा चढा येतो, त्यामुळे दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टशी तुलनाच होत नाही. नॉर्मलच्या किती टक्के, हेही नाही. डॉक्टरला खरं तर तेच हवं असतं. ३० टक्क्यांखाली १४ दिवसांचा रोजचा प्रायमाक्वीन देत नाहीत. देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, किलोमागे ०.७५ मिग्रॅ, असे ८ आठवडे देता येतो.

घरी येऊन रक्त नेतात, पण त्यांच्या डब्यात ट्यूब बर्फाच्या पॅकला टेकलेली असते. रक्ताचा बर्फ झाला की पेशी फुटतात, नमुना बाद. मध्ये कापड ठेवायला सांगा. २ ते ८ अंशांत नमुना काही दिवस टिकतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मशीनवर लावला तरी बिघडत नाही.

वर जनुक तपासणीही गळ्यात मारतात: मेडिटेरेनियन, ओरिसा आणि केरळ-कल्याण हे तीन बदल. (केरळ आणि कल्याण ही नावं दोन, बदल एकच: ३१७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन.) नुसत्या प्रायमाक्वीनसाठी तिची गरज नाही. बाईचा आकडा मधल्या पट्ट्यात (धड नॉर्मल नाही, धड कमी नाही) अडकला असेल, किंवा नुकतंच रक्त चढवलंय आणि तीन महिने थांबणं शक्य नाही, तेव्हाच तिचा विचार करावा. तीनपैकी काही सापडलं नाही म्हणजे खोट नाही, असंही नाही.

कमतरता निघाली तर हातात औषधांची छापील यादी देतात. डॅप्सोन, रॅसब्युरिकेज, मिथिलीन ब्लू, सगळं आहे. पण पावसाळ्यात घरोघरच्या कपाटात पडणाऱ्या डांबराच्या गोळ्या त्यात नाहीत. नॅप्थलिनच्या गोळ्यांत ठेवलेली दुपटी अशा तान्ह्या बाळाभोवती गुंडाळली तर रक्त फुटून कावीळ भडकू शकते. त्या यादीत ही ओळ आपणच पेनानं लिहून घ्यावी.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण हिमोग्लोबिन त्याच ट्यूबमधून मोजतात म्हणून.