रात्रीची धाड की दिवसाचा ठिय्या?

‘वॉर इन द पॅसिफिक: ॲडमिरल्स एडिशन’ हा दुसऱ्या महायुद्धातल्या पॅसिफिकच्या लढाईवरचा कॉम्प्युटर गेम. तो खेळणारे ठाणे-नवी मुंबईत आम्ही मोजकेच. नवा खेळाडू आला की हा प्रश्न येतोच: शत्रूच्या बेटावर जहाजांनी रात्री धाड घालून उजाडायच्या आत पळायचं, की किनाऱ्याजवळ ठिय्या देऊन दिवसाउजेडी झोडपायचं? सध्या ऐरोलीचा एक मित्र जपानकडून खेळताना ग्वाडलकॅनाल बेटाच्या तोंडावर येऊन थांबलाय. हे मुख्यतः त्याच्यासाठी.

धाडीचा अस्सल नमुना १३-१४ ऑक्टोबर १९४२ च्या रात्रीचा. कोंगो आणि हारुना या जपानी युद्धनौकांनी ग्वाडलकॅनालवरच्या हेंडरसन फील्ड या अमेरिकी विमानतळावर सुमारे ८० मिनिटांत १४ इंची तोफांचे ९७३ गोळे टाकले. अंतर साधारण १६ किलोमीटर. वाशी स्टेशनाजवळून ठाणे स्टेशनाच्या थोडं पलीकडे मारावं तेवढं. ४८ विमानं गेली, विमानांचं बहुतेक इंधन जळालं. हे वाचून हुरूप येतोच, पण पुढचं वाचायला हवं. १५ तारखेला जपानी जहाजं त्याच बेटावर टासाफारोंगाला फौज उतरवत होती, तेव्हा उरलीसुरली विमानं हाती लागेल त्या पेट्रोलवर उडाली आणि तीन जहाजं कायमची तिथेच राहिली. धाडीने तळ मरत नाही, एखाद-दुसरा दिवस मोकळा मिळतो. तो वापरायला मागे फौजेची जहाजं तयार नसतील तर धाड घालूच नका. छोट्या बंदरात मोठ्या तोफांचा दारूगोळा परत भरून मिळत नाही.

परतीचा हिशेब तर आधीच करायचा. १३ नोव्हेंबरच्या पहाटे हिएई ही जपानी युद्धनौका असाच मारा करायला येत होती. वाटेत अमेरिकी क्रूझर अंधारात अगदी जवळून भिडल्या, हिएईचं सुकाणू निकामी झालं, आणि उजाडल्यावर विमानांनी तिला सोडलं नाही. पुढच्याच रात्री माया आणि सुझुया या क्रूझरनी तळावर मारा केला, पण ८ इंची गोळ्यांनी तळ बंद पडला नाही. सकाळी परतीच्या वाटेवर किनुगासा ही जपानी क्रूझर बुडाली. खेळात एक हेक्स (नकाशावरचं षटकोनी घर) ४० मैलांचा. पहाटेपासून उलटं मोजा: उजाडेपर्यंत जहाजं किती हेक्स लांब गेलेली असतील? त्यावरून आदल्या संध्याकाळी कुठे थांबायचं ते ठरतं. ‘रिटायरमेंट अलाउड’ (काम झालं की जहाजांना माघारी फिरू देणारा पर्याय) चालू ठेवा. आधीचे दोन-चार टर्न टेहळणीची विमानं पाठवा, नाहीतर गोळे जंगलात पडतात.

ठिय्याचं काम वेगळं: खंदकात दडलेली फौज मोडणं. त्याला वेळ लागतो. २० नोव्हेंबर १९४३ ला तारावातल्या बेटिओ या जपान्यांच्या ताब्यातल्या बेटावर अमेरिकी ताफ्याने जेमतेम तीन तास मारा केला. बेट पाम बीच रस्त्याच्या निम्म्याहून कमी लांबीचं, तरी वाळू आणि माडाच्या ओंडक्यांचे बंकर टिकले आणि हजारावर अमेरिकी मेले. मग त्यांनी हवाईतल्या काहोओलावे बेटावर तसेच बंकर बांधून तोफचींचा सराव घेतला, आणि पुढच्या क्वाजालीन बेटांच्या लढाईत जहाजं किनाऱ्याच्या पुष्कळ जवळ नेली. सायपान बेटावर १३ जून १९४४ रोजी नव्या वेगवान अमेरिकी युद्धनौका सुरुंगांच्या भीतीने लांबूनच मारत राहिल्या, फारसं साधलं नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या, संथ पण या कामात मुरलेल्या नौकांनी जास्त काम केलं. म्हणून ठिय्याला सुरुंग काढणारी जहाजं, दारूगोळ्याची जहाजं आणि डोक्यावर आपलीच विमानं, तिन्ही लागतात. एक जरी नसेल तर किनाऱ्यावरच्या तोफा आणि शत्रूची विमानं तुमचा ताफा सावकाश खातात.

अमेरिकेकडून १९४४ च्या पुढे खेळत असाल तर मी ठिय्याच सुचवेन, आणि फौज उतरवण्याआधी माऱ्याचे दिवस कमी करू नका. इवो जिमा बेटासाठी अमेरिकी मरीन सेनापतीने दहा दिवसांचा मारा मागितला होता, मिळाला तीन दिवसांचा.

ऐरोलीकराने मात्र १९४२ मध्ये ठिय्याचा विचारही करू नये; इंधन नाही आणि आकाश त्याचं नाही. त्याच्यासाठी धाडच. दोन युद्धनौका एकत्र, सोबत विनाशिका, फौजेची जहाजं एक दिवसाच्या अंतरावर मागे. आणि लागोपाठच्या रात्री त्याच वाटेने नाही: समोरचा खेळाडू तिथे क्रूझर आणून ठेवणारच.