दहा महिने पॉवर मीटर: सत्तावन्नाव्या वर्षी मांड्यांचा हिशेब

गेल्या ऑक्टोबरात मी माझ्या रोड सायकलच्या डाव्या बाजूला पॉवर मीटर, म्हणजे पायाची ताकद वॉटमध्ये मोजणारे उपकरण, असलेला क्रँक (पॅडल जोडलेला दांडा) बसवून घेतला. तेव्हापासून साडेपाच हजार किलोमीटर झाले आणि एक हिवाळा, एक उन्हाळा व कोल्हापूरचा निम्म्याहून अधिक पावसाळा त्याने काढला, त्यामुळे आता त्याच्याविषयी लिहायला हरकत नसावी.

तो घेण्याचे कारण माझ्या वहीत होते. वाघबीळच्या फाट्यापासून पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंतचा चढ ४७व्या वर्षी मला साधारण १८ मिनिटांत होत असे. गेल्या वर्षी त्यालाच साडेएकवीस मिनिटे लागू लागली. वेळ वाढल्याचे फारसे दुःख नव्हते, खटकत होते ते दुसरेच. पूर्वी रविवारी पन्हाळा केला तर मंगळवारी पाय मोकळे होत. आता गुरुवारीसुद्धा जिना चढताना मांड्या भरून येत होत्या. ताकदच कमी झाली आहे की थकवा उतरत नाही, हे घड्याळावरून कळत नाही, कारण त्या वेळेत वारा, ऊन, खड्डे आणि केर्लीपासून पुढे चालणारी उसाची ट्रॉली हे सगळेच मिसळलेले असते. पॉवर मीटर यातले काही जाणत नाही. क्रँकला चिकटवलेले स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणारी पट्टी, पाय दाबला की धातूबरोबर किंचित ताणले जाते, त्याचा विद्युत रोध बदलतो, त्यावरून टॉर्क, म्हणजे क्रँक फिरवणारा जोर, निघतो, आणि टॉर्कला फिरण्याच्या गतीने गुणले की वॉट मिळतात. वारा समोरून असो वा पाठीमागून, वॉट तेच.

उद्यमनगरात माझे छोटे मशीन शॉप आहे आणि कोणतेही गेज तपासल्याशिवाय वापरायचे नाही, ही सवय हाडात भिनलेली आहे. त्यामुळे पहिल्याच दिवशी मागचा ब्रेक आवळून क्रँक स्पिरिट लेव्हलने आडवा केला आणि पॅडलच्या आसाला काट्यावर तपासलेले २० किलोचे वजन टांगले. क्रँकची लांबी १७० मिलिमीटर, म्हणजे ३३.४ न्यूटन मीटर दिसायला हवे होते, ॲपवर ३३.१ दिसले. एक टक्क्याच्या आतली चूक, आणि कंपनीचा दावा दीड टक्क्याचा. हीच तपासणी मी एप्रिलमध्ये पुन्हा केली, तेव्हाही आकडा तोच आला. मोजमापाबाबत माझी तक्रार नाही, मात्र दोन पथ्ये पाळावी लागतात. डिसेंबरच्या पहाटे घरातली उबदार सायकल बाहेर काढून लगेच शून्य घेतले, म्हणजे भार नसतानाचा आकडा मीटरला शून्य धरायला लावला, तर पुढचा तासभर आकडे भलतेच येतात. सायकल पंधरा मिनिटे अंगणात उभी करून मगच शून्य घ्यावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हा मीटर फक्त डावा पाय मोजतो आणि त्याची दुप्पट करून दाखवतो. जानेवारीत माझा डावा गुडघा कुरकुरू लागला आणि अचानक ताकद घसरलेली दिसू लागली. दोन दिवस मी मनाने खचलो होतो. मग एका मित्राची दोन्ही पाय मोजणारी पॅडल लावून पाहिली, तेव्हा डावा ४७ आणि उजवा ५३ टक्के अशी वाटणी निघाली. म्हणजे माझा मीटर एकूण ताकद ६ टक्क्यांनी कमी दाखवत होता. पन्नाशीनंतर ज्याचे दोन्ही गुडघे सारखे आहेत असा सायकलस्वार विरळाच, तेव्हा घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वीस मिनिटे सर्व जोर लावून सायकल चालवायची आणि त्या सरासरीचे ९५ टक्के धरायचे, ही तासभर टिकणाऱ्या ताकदीच्या अंदाजाची रूढ चाचणी आहे. पन्हाळ्याचा चढ मला आता वीस मिनिटांपेक्षा जास्त लागत असल्यामुळे ती चाचणी तिथे बरोबर मावते. वय वाढल्याचा एवढाच काय तो फायदा. ऑक्टोबरात सरासरी २०६ वॉट आली, म्हणजे धरायची ताकद १९६. वजन ६८ किलो. माझ्या वयाला हा आकडा वाईट नव्हता, आणि तो पाहून उलट माझा गोंधळ वाढला: ताकद इतकी असेल, तर आठवडाभर पाय शिशाचे का?

उत्तर नोव्हेंबरात मिळाले. मंगळवारी मी १२ मिनिटांचे तीन जोरदार टप्पे केले, ते १९०, १८८ आणि १८६ वॉटचे झाले. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे तेच टप्पे गुरुवारी करायला गेलो, तर पहिला १८१, दुसरा १७४, आणि तिसरा अर्ध्यात सोडून रस्त्याकडेच्या पारावर बसलो. पुढच्या आठवड्यात मंगळवारनंतर थेट शुक्रवारी टप्पे केले, आणि आकडे १८९, १८७, १८६ आले. ताकद गेलेली नव्हती, ती शुक्रवारी परत येत होती आणि मी ती गुरुवारी मागत होतो. हा प्रयोग मी नंतर चार वेळा केला आणि निकाल दर वेळी जवळपास हाच लागला. उत्सुकतेपोटी माझ्या २६ वर्षांच्या पुतण्याला पंधरा दिवस सायकल दिली, तो बुधवारी मंगळवारचेच आकडे काढून आला आणि वर "काका, रोज तेच दिसतंय, मोजायचं काय त्यात?" असे विचारता झाला.

या शोधात नाडीने मला बरीच वर्षे फसवले होते. त्या गुरुवारी दम लागला असूनही नाडी १४१च्या वर जात नव्हती, एरवी त्याच जोराला ती १५२पर्यंत जाते. थकलेल्या शरीरात नाडी दबलेली राहू शकते. मी मात्र आजवर कमी नाडी पाहून "अजून जोर शिल्लक आहे" असे समजून आणखी दामटत आलो. वयानुसार नाडीची कमाल मर्यादाही उतरते, पण २२०मधून वय वजा करण्याचा प्रचलित हिशेब वयस्करांना बऱ्याचदा कमी आकडा देतो. २००१ साली मांडलेले सूत्र, म्हणजे २०८मधून वयाच्या ०.७ पट वजा करणे, मला १६८ देते. जुन्या हिशेबाने १६३ येतात. पन्हाळ्यावर मी स्वतः १७१ पाहिले आहेत.

घसरण खोटी आहे असे मात्र कोणी समजू नये. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता बैठे जीवन जगणाऱ्यांत दर दशकात साधारण १० टक्क्यांनी घटते. जे कठोर सराव चालू ठेवतात त्यांच्यात ही घट बरीच कमी, निम्म्याच्या आसपास राहू शकते, पण थांबत नाही. वेगाने आकुंचन पावणारे स्नायुतंतू आधी बारीक होतात, काहींचे चेतातंतूच मरतात, आणि म्हणून लांब पल्ल्याचा दमसास टिकून असताना झटका देण्याची ताकद आधी जाते. माझ्या मीटरवर पाच सेकंदांच्या झटक्याचा आकडा ६१० वॉट होता, आणि ताकदीची खरी गळती दिसली ती तिथेच. दुसऱ्या टोकाला फ्रान्सचे रोबेर मार्शां यांचे उदाहरण आहे. १०१ ते १०३ या वयात सरावाची पद्धत बदलल्यावर त्यांची कमाल ताकद ९० वॉटवरून १२५ वॉटवर गेली आणि ऑक्सिजन क्षमता दर किलोला मिनिटाला ३१ मिलिलिटरवरून ३५वर पोचली. जानेवारी २०१७मध्ये, वयाच्या १०५व्या वर्षी, त्यांनी तासात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवली. त्यांचा दाखला देऊन कोणाला हुरूप आणायचा नाही; वॉट मोजत राहिल्यावर म्हातारपणातही काय बदलता येते ते दिसते, एवढेच.

डिसेंबरपासून मी कठीण दिवस आठवड्यात दोनच ठेवले आणि त्यांच्यामध्ये किमान ७२ तास सोडले. तीन आठवडे वाढते कष्ट आणि एक आठवडा हलका, हा क्रम बदलून दोनास एक केला. हलक्या दिवशी रंकाळ्याच्या कडेने १२० वॉटच्या वर जायचे नाही, मागून मोपेडवरचा शाळकरी मुलगा वाकुल्या दाखवत गेला तरी नाही. हे शेवटचे सर्वांत अवघड गेले. शिवाय आठवड्यातून दोनदा जड वजनाच्या बैठका सुरू केल्या.

खुराकाचेही तसेच. आमच्या गल्लीतले एक निवृत्त पैलवान मला पूर्वीपासून सांगत, "मेहनत कुणीबी करतंय, ती अंगात मुरंपातूर थांबायला जमाय पायजे." मुरण्याची बाब अक्षरशः खरी आहे. वाढत्या वयात स्नायू प्रथिनांना मंद प्रतिसाद देतात; तरुणाला एका जेवणात दर किलो वजनाला सुमारे ०.२४ ग्रॅम प्रथिने पुरतात, तिथे वयस्कराला सुमारे ०.४ ग्रॅम लागतात. माझ्या वजनाला ते २७ ग्रॅम होतात. रविवारी पन्हाळ्याहून उतरल्यावर आमचा जथा मिसळीवर बसतो. तर्रीने समाधान होते, स्नायूंचे मात्र त्या वाटीभर मटकीत भागत नाही. आता मी तीन अंडी बरोबर नेतो आणि परतताना गंगावेशीत पेलाभर म्हशीचे दूध घेतो. मिसळ सोडलेली नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उघडीप पाहून पुन्हा चाचणी दिली. वीस मिनिटांची सरासरी २१४, म्हणजे धरायची ताकद २०३. पाच सेकंदांचा झटका ६५५. दहा महिन्यांत सात वॉट ही वाढ मिरवण्यासारखी नाही. जिना चढताना मांड्यांची आठवण होत नाही, हे मात्र मला मोठे वाटते.

मीटरबरोबर येणाऱ्या आलेखांविषयी माझे मत फारसे बरे नाही. तंदुरुस्ती ४२ दिवसांच्या आणि थकवा ७ दिवसांच्या सरासरीवर काढायचा, ही त्यांची मूळ मांडणी आहे, आणि ती पुतण्याला व मला सारखीच लागू होते. त्या गुरुवारी सकाळी आलेख मला "ताजेतवाने" म्हणत होता. तासभर पूर्ण ताकदीने चालवले की कष्टाचे १०० गुण, हा हिशेब स्वतःच्याच ताकदीच्या प्रमाणात असल्यामुळे न्याय्य वाटतो, पण ते १०० गुण फेडायला कोणाला किती दिवस लागतात, हे त्यात कुठेच नाही. तो आकडा ज्याने त्याने आपल्या टप्प्यांवरूनच काढावा.

खर्च तीस हजारांच्या आसपास झाला. तिशीच्या आत असणाऱ्याने एवढे पैसे चांगल्या टायरांवर आणि दोन-चार लांबच्या राईडवर घालवावेत असे मी म्हणेन. पन्नाशीच्या पुढच्या माणसाने घ्यावा, पण आकडा कमी आला की घरी परतण्याची ज्याची तयारी नाही, त्याने नको. त्याला तो चाबूकच होईल. आणि कठीण टप्पे सुरू करण्याआधी हृदयाची स्ट्रेस टेस्ट मी करून घेतली होती, तीही सोडू नये.

एक तक्रार राहिली. बटणसेलच्या झाकणातली रबरी रिंग आपल्या पावसासाठी केलेली नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गगनबावड्याच्या वाटेवर आकडे गायब झाले. एक रुपयाच्या नाण्याने झाकण उघडले तर आत पाण्याचा थेंब आणि सेलवर हिरवट बुरशीसारखा थर. सेवा केंद्राने तीन आठवडे लावले आणि मीटर तसाच परत पाठवला. मग मी सँडपेपरने संपर्काच्या पट्ट्या साफ केल्या, थोडे सिलिकॉन ग्रीस लावले आणि दुकानाशेजारून पाच रुपयांची ओ-रिंग आणून बसवली. सध्या मीटर तिच्यावरच चालू आहे.