कमरेच्या आत घालायचे होल्स्टर: एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

निपाणी भागात तंबाखू खरेदीचा व्यवसाय असल्याने हंगामात मला रोख रक्कम बाळगावी लागते आणि त्या कारणानेच परवाना घेऊन कानपूर बनावटीचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर मी जवळ ठेवतो. ते कोणाच्याही नजरेस पडू नये, यासाठी आजवर दोन प्रकारची होल्स्टर (हत्यार अंगावर बाळगायच्या खोळी) वापरली: पोटाभोवती गुंडाळायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा आणि पँटच्या आत, कमरेच्या पट्ट्याला क्लिपने अडकवायचे चामड्याचे होल्स्टर.

शस्त्र झाकून नेणे ही केवळ आवडीची बाब नव्हे. शस्त्र नियम, २०१६ मधील ३२ व्या नियमाप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा योग्य पिशवीत, पूर्णपणे झाकलेले आणि धारकाच्या ताब्यात असावे लागते. सज्ज स्थितीत ते बाळगण्यास किंवा ते परजण्यास मनाई आहे. वरातीत कमरेचे हत्यार लोकांना दिसेल अशा बेताने सदरा वर करणारे महाभाग आपल्याकडे आहेत, त्यांनी हा नियम एकदा वाचावा.

इलॅस्टिकचा पट्टा पहिल्या दिवशी अतिशय सुखद वाटतो. तो मऊ असतो, कुठे टोचत नाही आणि नेहरू शर्टाखाली त्याचा उंचवटाही दिसत नाही. परंतु माझ्या मते हा सुखदपणाच त्याचा मोठा दोष आहे. ट्रिगरवर केवळ कापडाचा थर असल्याने बाहेरून दाब आला तर तो थेट ट्रिगरपर्यंत पोहोचू शकतो, आणि हत्यार काढताच पट्ट्याचे तोंड मिटत असल्यामुळे ते पुन्हा आत घालताना दुसऱ्या हाताने कापड ताणून धरावे लागते, म्हणजे नळीसमोर आपलाच हात येण्याची शक्यता निर्माण होते. त्यातच घामाने इलॅस्टिक सैल पडून पट्टा खाली सरकू लागला. चारचौघांत कमरेशी सारखा हात नेणारा माणूस चटकन लक्षात येतो, त्यामुळे लपवण्याचा हेतूही साधला नाही. तो पट्टा मी आता वापरत नाही.

तयार मिळणारी कायडेक्सची (एक कडक प्लास्टिक) साचेबद्ध होल्स्टर बहुतेक परदेशी पिस्तुलांच्या मापाची असतात आणि आपल्या रिव्हॉल्व्हरचा फुगीर सिलिंडर (काडतुसांचा फिरता भाग) त्यांत नीट बसत नाही. म्हणून अथणीच्या एका चपला बनवणाऱ्या कारागिराकडून वनस्पतिजन्य कमावणीच्या जाड चामड्याचे होल्स्टर करून घेतले. असे चामडे ओले करून साच्यावर दाबले की वाळल्यावर तोच आकार धरून ठेवते. मात्र परवाना नसलेल्या व्यक्तीकडे हत्यार सोपवणे हा गुन्हा असल्याने मापासाठी रिव्हॉल्व्हर कारागिराच्या हाती देता येत नाही. मी घरीच बाह्यरेषा व जाडी मोजून सुताराकडून लाकडी साचा करून घेतला आणि तोच अथणीला नेला. तोंडाशी चामड्याची दुहेरी पट्टी शिवल्याने हत्यार काढल्यावरही तोंड उघडे राहते आणि ट्रिगरचा भाग पूर्ण झाकला जातो. शिवाय आतील बाजूचे चामडे उंच ठेवले आहे. हे रिव्हॉल्व्हर मधोमध उघडणारे असून त्याची खिट्टी डाव्या अंगाला, हॅमरजवळ असते. उजव्या कमरेला लावल्यावर हीच बाजू शरीराकडे येते आणि चामड्याचा हा उंच भाग नसता तर ती दिवसभर बरगडीखाली रुतली असती.

आरामाबाबत सांगायचे तर उभे राहताना आणि चालताना त्रास नाही, मोटारसायकलवरही फारसा नाही. पण कारमध्ये निपाणीहून बेळगावपर्यंत बसून जाताना नळीचे टोक मांडीच्या सांध्याला टेकते. होल्स्टर किंचित मागे, पुढे झुकलेल्या कोनात लावल्यावर ही तक्रार बरीच कमी झाली. कमरेच्या साध्या पट्ट्याऐवजी दुहेरी चामड्याचा कडक पट्टा घेतल्याने त्याहून अधिक फरक पडला, कारण सुमारे पाऊण किलोचे ओझे मऊ पट्टा एका बाजूला ओढून नेतो. पँटही कमरेत एक माप मोठी घ्यावी लागते.

पावसाळ्यात चामडे ओल धरते. खानापूरकडे दिवसभर फिरून आल्यावर रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्येच राहू दिल्यास गंज चढतो, म्हणून घरी येताच ते रिकामे करून, पुसून, तेलाचा पातळ हात देऊन कुलूपबंद कपाटात ठेवतो आणि होल्स्टर वेगळे सावलीत वाळवतो. सकाळी लावतानाही आधी हत्यार होल्स्टरमध्ये घालायचे आणि मग होल्स्टर कमरेला अडकवायचे, हा क्रम मी पाळतो. त्यामुळे सदऱ्याचा काठ ट्रिगरपाशी अडकण्याचा प्रश्नच उरत नाही.

सीमाभागातील वाचकांसाठी आणखी एक व्यावहारिक बाब. माझ्या परवान्याचे क्षेत्र कर्नाटकापुरते आहे. त्यामुळे कागल किंवा चंदगडला जायचे असेल तेव्हा, रस्ता कितीही जवळचा असला, तरी हत्यार घरच्या कपाटातच राहते. निवडणुकीच्या काळात ते जमा करण्याचा आदेश आल्यास पोलीस ठाण्यात फक्त हत्यार आणि काडतुसे द्यावीत, पावती घ्यावी आणि होल्स्टर घरी ठेवावे. या होल्स्टरची क्लिप तेवढी आता सैल होऊ लागली आहे. पुढच्या वेळी पोलादी क्लिप आणि तिला दोन स्क्रू असेच सांगणार आहे.