ओशिवऱ्याच्या बाजारातले जुने टेबल

घरातल्या कामाच्या खोलीसाठी जुने सागवानी टेबल आणि वेताची खुर्ची हवी असेल, तर मुंबईत जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार मी चोरबाजाराच्याही आधी सुचवेन. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर शोभेच्या वस्तू उत्तम मिळतात. पण मोठे टेबल चहूबाजूंनी निरखायला लागणारी मोकळीक मला ओशिवऱ्यातच मिळाली.

मी घेतलेले टेबल जुन्या सरकारी कचेऱ्यांत असे त्या घडणीचे, दोन्ही बाजूंना खण असलेले आहे. खण पूर्ण बाहेर काढून पाहिला, तेव्हा कोपऱ्यांवर हाताने कापलेले, किंचित कमी-जास्त रुंदीचे दात एकमेकांत घट्ट बसलेले दिसले आणि तळाची फळीसुद्धा प्लायवूडची नव्हे, अस्सल लाकडाची निघाली. गडद पॉलिश चढवून जुनी भासवलेली नवी टेबलेही बाजारात असतात, म्हणून ही तपासणी टाळू नये. बारीक छिद्रांतून ताजी भुकटी गळत असेल, तर कीड जिवंत आहे असे समजून तो नग तिथेच सोडावा.

खरी अडचण उंचीची आहे. हाताने लिहिण्यासाठी घडवलेली ही टेबले साधारण ३० इंच उंच असतात, त्यामुळे संगणकावर दिवसभर टंकलेखन करताना खांदे आखडतात. टेबलाचे पाय कापणे मला मुळीच मान्य नाही. त्यापेक्षा खुर्चीवर जाड गादी घालावी आणि पायांखाली पाट घ्यावा. वेताची बैठक हवेशीर असते, मात्र सैल पडली की पुन्हा विणून घ्यावी लागते. पॉलिश आणि वाहतुकीचा खर्च किंमत ठरवतानाच बोलून घ्यावा.